भिंतीपलीकडचं सायक्लॅमेन

माझ्या बायकोचा, म्युरियलचा, कुणावरही विश्वास नाही. पोस्टमनवर नाही, पाद्रीबाबांवर नाही आणि रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईवर तर मुळीच नाही. माझ्याशी लग्न करून इतकी वर्षं झाली, तरी मी दुकानातून आलो की उरलेले सुटे पैसे अजून ती मोजून घेते. या सगळ्याला अपवाद एकच होता, शेजारची थेल्मा यॅप. थेल्मा ही म्युरियलची एकुलती एक मैत्रीण. दुसरी कधी झाली नाही आणि आमच्या या वयात आता होणारही नाही.

मी क्लिफ बेब. जन्मभर इंग्लंडातल्या हेरफर्डशरच्या अरुंद रस्त्यांवरून बस चालवली, आता बायकोच्या हुकमाने ढकलगाडी चालवतो. आमच्या घरामागे एक जुना ओक आहे. त्याच्या सावलीत कधी काही धड उगवलं नाही. ऊन नाही, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठणठणीत आणि जिथे खणावं तिथे मुळं. गवतानेसुद्धा तिथे हात टेकले होते. म्युरियलने तिथे सायक्लॅमेन नावाचं फुलझाड लावलं. दुकानात कुंडीत मिळतं आणि नाताळ संपायच्या आत मान टाकतं, ते नव्हे. हे गावठी, चिवट. मे महिन्यात पानं झडून जातात, सगळा उन्हाळा जमीन बोडकी असते, आणि ऑगस्ट संपता संपता त्या बोडक्या मातीतून एकही पान नसताना नुसती फुलं वर येतात. कान मागे पाडलेल्या सशांसारखी दिसतात. पानं मागाहून येतात आणि बर्फातही टिकून राहतात.

या झाडाची एक खोड आहे. त्याचा कंद चपटा, थापल्यासारखा, आणि मुळं फुटतात ती वरच्या अंगाने. नवखा माणूस मुळं बघतो आणि ती खाली करून कंद बिनधास्त उलटा पुरतो. थेल्माने पहिला कंद असाच पुरला होता. त्यावरून म्युरियलने तिला किती वर्षं छळलं असेल, त्याला सुमार नाही. "थेल्मा, तुझी फुलं ऑस्ट्रेलियात उगवली का गं?" असं ती भर चर्चच्या दारात विचारायची. थेल्माही काही कमी नव्हती. "तुझ्या ओकाखाली काय ते माजलंय म्युरियल, तिथे बकरी सोड एखादी," असं म्हणत ती मधल्या फाटकातून आत यायची. दोघींची मैत्री या अशा बोलण्यावरच उभी होती. आमच्या गावात स्तुती करतात ती परक्यांची, बागेची असो वा जेवणाची. आपल्या माणसाच्या बागेला उकिरडा म्हणतात.

आता म्युरियलच्या चांदीविषयी सांगायला हवं. एका शरद ऋतूत म्युरियलला एक रोप सापडलं, त्याचं पान अख्खं रुपेरी होतं, हिरवी नक्षी नावालाही नाही, आणि फूल पांढरं शुभ्र. तिने त्याचंच बी धरलं, ते पेरलं, त्यातली हिरव्या पानांची रोपं उपटून टाकली, पुन्हा बी धरलं. असं वर्षानुवर्षं चाललं. शेवटी भिंतीलगत एक वाफा तयार झाला, सगळा रुपेरी. तो वाफा म्हणजे तिचा जीव. ते बी तिने कुणालाही दिलं नाही. बागवाल्या लोकांत हे फार वाईट दिसतं. मागितलं की द्यायचं, हीच रीत आहे. पण म्युरियल म्हणायची, "माझ्यानंतर न्या हवं तेवढं."

उघड्या बागांच्या रविवारी तर ती डोळ्यांत तेल घालून बसायची. दर सप्टेंबरात एका रविवारी गावातल्या बागा लोकांसाठी उघडतात, चर्चच्या छपरासाठी पैसे जमवतात, अंगणात चहा आणि केक असतो. त्या दिवशी येणाऱ्या बायकांच्या पर्समध्ये ओले कागदी रुमाल का असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. इकडची फांदी, तिकडचं बियांचं बोंड हळूच त्यात जातं. म्हणून म्युरियलने तोडगा काढला होता. फूल गळलं की सायक्लॅमेनचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो आणि बोंड जमिनीवर आणून ठेवतो. तशा प्रत्येक बोंडाला ती जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा बांधून ठेवायची. उन्हाळ्यात आमचा वाफा म्हणजे म्हातारीच्या पायांचं इस्पितळ वाटायचा.

आणि गेल्या सप्टेंबरात भिंतीपलीकडे, थेल्माच्या बाजूला, पाण्याच्या पिंपामागे तिला एक पांढरं फूल दिसलं.

"पांढरी फुलं कुणाकडेही असतात," मी म्हणालो.

"पान येऊ दे," म्युरियल म्हणाली.

ऑक्टोबरात पान आलं. अख्खं रुपेरी.

म्युरियल भिंतीवर हनुवटी टेकून कितीतरी वेळ उभी होती. मग स्वयंपाकघरात येऊन तिने किटली अशी आपटली की मांजर बाहेर पळालं.

"विचार ना तिला सरळ," मी म्हणालो.

"विचारते ना. विचारणारच आहे."

आणि मंगळवारी चहाला थेल्मा आली तेव्हा तिने विचारलं. पण विचारलं ते आमच्या पद्धतीने, म्हणजे न विचारता.

"पिंपामागे किती गोड दिसतंय गं तुझं ते सायक्लॅमेन," म्युरियल म्हणाली.

थेल्मा हसली. "पाहिलंस होय? ते तुझंच आहे. मुंग्यांनी आणलं."

मी माझ्या बशीत बघत राहिलो. कारण मुंग्यांचं काय ते सांगतो. सायक्लॅमेनच्या बियांवर गोड चिकट लेप असतो. त्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात, लेप खातात आणि बी टाकून देतात, ते तिथे उगवतं. हे खरं आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. आणि सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच सायक्लॅमेन चोरणारा प्रत्येक माणूस हेच सांगतो. आमच्याकडे 'मुंग्यांनी आणलं' म्हणजे डोळा मारून सांगितलेली कबुली. डॉक्टरांच्या बायकोकडे एकदा दुसऱ्या कुणाचं मॅग्नोलियाचं अख्खं झाड दिसलं, तेव्हाही लोक म्हणाले, मुंग्या फार बळकट असतील.

"मुंग्यांनी!" थेल्मा गेल्यावर म्युरियल म्हणाली. "माझं एक बोंड सुटत नाही मोज्यातून. आणि म्हणे मुंग्या! तोंडावर हसून सांगते, क्लिफ. माझ्या तोंडावर."

"एखादं राहिलं असेल बांधायचं."

"माझं?"

यापुढे नवऱ्याने बोलायचं नसतं, म्हणून मी कप धुवायला उठलो.

त्यानंतर आमच्या घराचा रंगच बदलला. म्युरियल भांडली नाही, फाटक बंद केलं नाही, मंगळवारचा चहा चुकवला नाही. उलट ती गोड वागू लागली. थेल्माच्या फ्लॉक्सच्या फुलांची स्तुती करू लागली. "काय बहर आलाय गं!" थेल्माच्या कंपोस्टचीसुद्धा स्तुती झाली. थेल्माने एकदा मला फाटकापाशी गाठून विचारलं, "क्लिफ, म्युरियल बरी आहे ना? डॉक्टरांनी काही सांगितलंय का? माझ्यापासून लपवू नकोस."

"ठीक आहे ती," मी म्हणालो. आणि मला वाटलं, बघा, अंदाज घेतेय. कारण एव्हाना तो संशयाचा आजार मलाही लागला होता. एका घरात राहून एकाने शिंकायचं आणि दुसऱ्याने कोरडं राहायचं, हे जमत नाही. थेल्मा पिंप का हलवत नाही? ते फूल झाकायला? बुधवारी ती मुद्दाम आम्ही घरी नसतानाच भिंतीलगत का झाडते? पूर्वी मी असले प्रश्न कधी विचारले नव्हते. आता रोज सकाळी दाढी करता करता मला नवा प्रश्न सुचायचा.

मग जुलै आला. बोंडं पिकायचा महिना. त्या दुपारी म्युरियल दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मी वरच्या खिडकीपाशी बसून पेपर वाचत होतो. थेल्मा तिच्या बागेत आली, इकडेतिकडे पाहिलं, आमच्या मागच्या दाराकडे पाहिलं, आणि भिंतीपाशी गेली. मग तिचा हात भिंतीवरून आमच्या बाजूला आला. मूठ होती. ती उघडली, झटकली गेली, परत गेली. पुन्हा आली. असं दोन-चारदा झालं. मग हात एप्रनला पुसून ती घाईने आत गेली.

मला खरंच वाईट वाटलं. थेल्मा मला आवडायची. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या बसच्या आकाराचा केक तिनेच केला होता, चाकांना काळ्या मनुका लावून. हे म्युरियलला सांगू की नको, असा विचार मी तिची बस येईपर्यंत केला. आणि ती दारात येऊन कोट काढायच्या आत सांगून टाकलं.

तिचं अर्धं तोंड इंजेक्शनने बधिर होतं. उरलेल्या अर्ध्याने ती म्हणाली, "पाहिलंस? मी म्हटलं होतं ना?"

पण तिच्या आवाजात आनंद नव्हता. ती कोट न काढताच खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दातामुळे आलं असं ती म्हणाली. मी तेच खरं मानलं, म्हणजे तसं दाखवलं.

"मी मागितलं असतं तर दिलं असतं मी तिला," ती म्हणाली. नीट जुळलं नाही ते वाक्य. "तिने मागितलं असतं तर, म्हणजे. एकटीला. तिला दिलं असतं, क्लिफ."

सप्टेंबरात वाफा फुलला, तो असा की मीसुद्धा ढकलगाडी ठेवून बघत राहिलो. भिंतीच्या बाजूला तर इतकी नवी रोपं आली होती की पाय ठेवायला जागा नव्हती. म्युरियल प्रत्येकाला सांगायची, पानांचं खत घातलं त्याचं हे फळ. आणि पलीकडे पिंपामागे आता तीन फुलं होती.

उघड्या बागांचा रविवार जवळ आला. म्युरियलला झोप लागेना. लोक दोन्ही बागा बघणार, पिंपामागची चांदी बघणार, आणि विचारणार, ही दोघींकडे कशी? थेल्मा हसून सांगणार, मुंग्यांनी आणली. सगळे डोळा मारणार. त्यात मूर्ख कोण ठरणार?

गुरुवारी थेल्मा बसने बहिणीकडे जाते. ती गेल्याबरोबर म्युरियलने खुरपं घेतलं.

"तू फाटकात उभा राहा," ती म्हणाली.

"अगं, काय करतेयस?"

"खणून बघते. चोरून लावलेला कंद चांगला बशीएवढा असणार, नीट आडवा बसवलेला, वर भुसभुशीत माती. मुंगीचा असेल तर कळेलच. मला रविवारच्या आत कळायला हवं. नुसतं बघणार आणि परत लावणार."

"आणि बशीएवढा निघाला तर?"

ती फाटकातून आत शिरली. मी फाटकात उभा राहिलो. या वयात पहारेकरी झालो होतो, तेही दिवसाढवळ्या, हातात शोभेपुरती कात्री घेऊन. ती पिंपामागे गुडघ्यांवर बसली. मला तिची पाठ आणि बुटांचे तळवे तेवढे दिसत होते. थोडा वेळ खुरप्याचा आवाज आला. मग दगडाचा. मग तिने मला बोलावलं. आवाज वेगळाच होता.

"क्लिफ. इकडे ये. हात घाल इथे."

भिंतीच्या पायातले दोन दगड एकमेकांना टेकलेले होते, आणि त्यांच्या फटीत, आत, तो कंद होता. आक्रोडापेक्षा थोडा मोठा. फट भरेल तसा वाढलेला, एका बाजूने दबलेला, वाकडा. माझं एक बोटसुद्धा त्याच्या मागे जाईना. मुळं थेट भिंतीच्या पोटातून आमच्या बाजूला गेली होती. शेजारच्या फटीत दुसरा होता, मण्याएवढा.

"हा कुणी लावला इथे?" म्युरियल म्हणाली. "कुणाचा हात जाईल इथे?"

"कुणाचाच नाही," मी म्हणालो.

"म्हणजे..."

"मुंगीचा."

ती फटीकडे बघत राहिली. आणि माझ्या डोक्यात मात्र भलतंच काही हलायला लागलं. मी उभा राहिलो आणि भिंतीवरून आमच्या बाजूला हात सोडून पाहिला. भिंत माझ्या छातीला लागते. माझ्या बोटांपासून वाफा कितीतरी खाली होता. थेल्मा माझ्या खांद्याला लागते. भिंतीवरून हात घालून आमच्या जमिनीवरचं बोंड उचलणं तिच्या बापजन्मी शक्य नव्हतं. वरून काही टाकणं मात्र शक्य होतं.

"म्युरियल," मी म्हणालो, "राहू दे ते. माती लोट आणि चल."

पण ती कंद नीट करू बघत होती. खणताना तो थोडा उघडा पडला होता, तो आत ढकलायला तिने खुरप्याचं टोक फटीत घातलं, आणि कट् असा आवाज झाला. अर्धा कंद तिच्या हातात आला, तीन फुलांसकट. आतून तो कच्च्या बटाट्यासारखा पांढरा होता.

"अय्या, म्युरियल!" मागून आवाज आला. "क्लिफ! चहा टाकू का?"

थेल्मा आपल्याच फाटकात उभी होती, टोपी घालून, हातात बहिणीसाठी नेलेला केकचा डबा तसाच. बहिणीला सर्दी झाल्याचा फोन आला म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरली होती. आमच्याकडे दरोडेखोरालाही आधी चहाच विचारतील.

म्युरियल उठायचा प्रयत्न करत होती. गुडघा धरला होता. मी तिला हात दिला. फुलं तिच्या दुसऱ्या हातात होती आणि ती लपवायला आता कुठे जागा नव्हती.

"मी बघत होते," ती म्हणाली.

"काय बघत होतीस?"

"मुंग्या," म्युरियल म्हणाली.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी आम्ही तिघंही हसून लोळलो असतो. थेल्माने डबा पायरीवर ठेवला, जवळ आली आणि म्युरियलच्या हातातला तुकडा पाहिला. मग फट पाहिली. ती संथ बाई आहे, पण मंद नाही.

"मी सांगितलं होतं तुला मुंग्या म्हणून," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं."

"सगळे तसंच सांगतात."

"मी म्हणजे सगळे?"

म्युरियलने गुडघ्यावरची माती झटकली.

"तुला ते कुणाकडे गेलेलं चालत नाही, हे मला ठाऊक होतं," थेल्मा म्हणाली. "उपटावं तर मरेल, फटीतून निघतच नाही. म्हणून पिंप पुढे ठेवलं, कुणी बघू नये. आणि दर उन्हाळ्यात त्याचं बी निघालं की तुझ्या बाजूला टाकत होते. एक दाणा ठेवला नाही मी. तुझं तुझ्याकडे. तू नसताना टाकायचे, तुला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून."

म्युरियलने भिंतीकडे पाहिलं. पलीकडे तिची ती दाटीवाटीने आलेली रोपं होती, पानांच्या खताचं फळ. मी खाली मान घातली. जुलैतली मूठ मी पाहिली होती आणि तिचा अर्थही मीच लावून दिला होता.

"ते मी सांगितलं तिला," मी म्हणालो. "मी खिडकीतून पाहिलं आणि मला वाटलं की..."

"तू गप्प बस, क्लिफ," थेल्मा म्हणाली. रागाने नव्हे. तिला माझ्याशी काही बोलायचंच नव्हतं. "कधीपासून, म्युरियल?"

म्युरियल खोटं बोलू शकली असती. जुलैपासून म्हणाली असती तरी चाललं असतं. त्याने थोडं कमी लागलं असतं.

"गेल्या सप्टेंबरपासून," ती म्हणाली.

थेल्माने मान हलवली. ती मनाशी मागचं सगळं वर्ष चाळत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणून तू माझ्या फ्लॉक्सला छान म्हणालीस," ती म्हणाली. "मला वाटलं, तू मरायला टेकलीयस. मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली तुझ्यासाठी."

"थेल्मा..."

"आणि फेब्रुवारीत मी तापाने पडले होते, तू रोज सूप घेऊन यायचीस. उशाशी बसून चमच्याने भरवलंस. तेव्हासुद्धा मी चोरच होते?"

म्युरियलने फुलं पिंपावर ठेवली. "हो," ती म्हणाली.

थेल्माने टोपी काढली. मग वळली, पायरीवरचा डबा उचलला आणि दार उघडलं.

"सूप चांगलं होतं," ती म्हणाली, आणि आत गेली.